उंदीर आधी ‘नाही’ म्हणतो

एका वडिलांनी विचारलंय: “माझी मुलगी सहा वर्षांची आहे. गेले दोन महिने तिला झोपताना रोज एकच गोष्ट लागते, पंचतंत्रातली कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांची. घरात नव्या रंगीत पुस्तकांचा ढीग पडलाय, त्याला ती हात लावत नाही. इतक्या जुन्या गोष्टीत मुलांना असं काय सापडतं? आणि ती सोपी करून सांगावी, की आहे तशीच?”

मी सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये आणि एका बालवाचनालयात मुलांना गोष्टी सांगत आले आहे. ही गोष्ट मी अंगणवाडीत सांगितली आहे, पहिलीच्या वर्गात सांगितली आहे, छप्पर गळत असताना व्हरांड्यात सांगितली आहे आणि एकदा तर एसटी येईपर्यंत थांब्यावर. माझी बहुतेक गावं गोदावरीच्या काठची. त्याचाही या गोष्टीशी संबंध आहे, तो पुढे येईल.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर थोडक्यात असं: या गोष्टीत उंदीर आधी ‘नाही’ म्हणतो. मुलं त्या ‘नाही’साठी परत परत येतात.

तुमच्या घरी कोणतं पुस्तक आहे मला माहीत नाही. पण बाजारातल्या बऱ्याच चित्रपुस्तकांत ही गोष्ट ‘एका जंगलात चार जिवलग मित्र राहत होते’ अशी सुरू होते. मग हरीण जाळ्यात सापडतं, उंदीर जाळं कुरतडतो, संपलं. मूळ गोष्टीत चार मित्र नसतातच सुरुवातीला. असतो एक कावळा, लघुपतनक. तो झाडावर बसून बघतो की एका शिकाऱ्याने दाणे टाकून जाळं पसरलंय. चित्रग्रीव नावाचा कबुतरांचा राजा आपल्या थव्यासह त्यात अडकतो. सगळी कबुतरं मिळून जाळ्यासकट उडतात. शिकारी खालून धावत राहतो. त्याचा हिशेब साधा आहे: आत्ता एकत्र उडताहेत, भांडतील तेव्हा पडतील. पण ती भांडत नाहीत. ती जातात चित्रग्रीवाच्या जुन्या मित्राकडे, हिरण्यक नावाच्या उंदराकडे. कावळा कुतूहलाने मागोमाग जातो आणि सगळं बघतो. उंदीर जाळं कुरतडतो, कबुतरं सुटून जातात.

आणि मग कावळा बिळाच्या तोंडाशी येऊन म्हणतो, मला तुझा मित्र व्हायचंय.

इथे मी थांबते. दरवेळी थांबते. मुलांकडे बघते. खेड्यातल्या मुलाला कावळा आणि उंदीर यांच्यातलं नातं चांगलं माहीत असतं. उकिरड्यावर मेलेल्या उंदराला चोच मारणारा कावळा त्याने सकाळीच पाहिलेला असतो. वर्गात कोणी ना कोणी हळूच म्हणतंच: “जाऊ नको रे बाहेर!”

उंदीर बाहेर जात नाही. आतूनच विचारतो, तू कोण? कावळा नाव सांगतो. उंदीर म्हणतो, मी तुझं अन्न, तू मला खाणारा, आपली कसली मैत्री? निघून जा. कावळा जात नाही. दोघं बराच वेळ बोलतात. संस्कृतात हा संवाद पानंच्या पानं चालतो, नीतीची वचनं दोन्ही बाजूंनी येतात. शेवटी उंदीर कबूल होतो, पण एका अटीवर: माझ्या बिळात पाऊल टाकायचं नाही. तू बाहेर, मी आत, आपण बोलू.

सहा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात याहून मोठा प्रश्न कोणता? ती नुकतीच पहिलीत गेली असणार. शेजारच्या बाकावर कोणीतरी अनोळखी येऊन बसलंय. ते डब्यातलं मागतं, पेन्सिल घेतं, कधी ढकलतं, कधी हात धरतं. आपण मोठी माणसं तिला सांगतो, ‘सगळ्यांशी मैत्री करायची बाळा.’ घाबरायचा हक्कच आपण तिला देत नाही. हिरण्यक तिला तो हक्क देतो. तो लहान आहे, त्याला भीती वाटते, आणि गोष्ट त्याला भित्रा म्हणत नाही. उलट गोष्टीत त्याच्याइतकं शहाणं दुसरं कोणी नाही. त्याच्या बिळाला शंभर तोंडं आहेत. कधी कुठून संकट येईल या शंकेने त्याने ती आधीच पाडून ठेवली आहेत. मुलांना हे शंभर दरवाज्यांचं बीळ विलक्षण आवडतं. फळ्यावर काढायला सांगितलं तर खडू संपेपर्यंत दारं काढत राहतात.

पुढची मैत्री कशी वाढते, तेही मूळ गोष्टीत किती बारकाईने आलंय बघा. कावळा बाहेरून मांसाचे तुकडे, बळीचं उरलेलं अन्न आणून उंदराला देतो. उंदीर रात्री तांदळाचे दाणे गोळा करून कावळ्यासाठी ठेवतो. पितृपक्षात कावळ्यासाठी ठेवलेलं पान आपल्या मुलांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे ‘बळीचं अन्न’ समजावून सांगावं लागत नाही. दोघांचं खाणं वेगळं, तरी जे आपल्याकडे आहे ते दुसऱ्यासाठी राखून ठेवणं. हे म्हणजे मधल्या सुट्टीतला डबाच की! आणि असं करता करता एक दिवस येतो जेव्हा तो उंदीर, तोच ‘निघून जा’ म्हणणारा, कावळ्याच्या पंखाखाली शिरून बसतो. मी हे वाक्य अगदी हळू आवाजात सांगते. त्याआधीचं ‘नाही’ ऐकलेलं असलं तरच या वाक्यावर मुलांचे खांदे सैल पडतात. चार मित्र पहिल्यापासून होतेच असं सांगितलं, तर पंखाखाली बसण्यात विशेष काय राहिलं?

एकदा घाईत मी ती छोटी आवृत्ती सांगितली होती. वर्ग मोठा, वेळ कमी. गोष्ट संपल्यावर एका मुलीने विचारलं, “बाई, पण कावळ्याने उंदराला खाल्लं का नाही?” पुढचं तिच्या कानावर पडलंच नव्हतं. ती सुरुवातीलाच अडकून बसली होती, आणि तिचंच बरोबर होतं. तेव्हापासून वेळ कमी असेल तर मी निम्मीच गोष्ट सांगते, पंखापर्यंतची, आणि उरलेली दुसऱ्या दिवशी.

आता जाळं कुरतडण्याचा प्रसंग. तो सगळ्यांना माहीत असतो, पण त्यातला एक तपशील बहुतेक पुस्तकांत गाळला जातो आणि मला तो फार मोलाचा वाटतो. हिरण्यक आधी मित्राचं, चित्रग्रीवाचं, जाळं तोडायला लागतो. चित्रग्रीव म्हणतो, थांब, आधी माझ्या माणसांचं. उंदीर म्हणतो, माझी ताकद थोडी, दात नाजूक. ते तुटायच्या आत तुला तरी सोडवतो, मग जमेल तेवढं इतरांचं. चित्रग्रीव ऐकत नाही. आणि उंदराला त्याच्या या हट्टाचाच आनंद होतो. मग तो सगळ्यांचीच बंधनं तोडतो.

हे पहिलीच्या वर्गात सांगून बघा. पहिलीत निम्म्या मुलांचे पुढचे दात हलत असतात. ‘दात तुटायच्या आत’ म्हटलं की वीस-पंचवीस जिभा आपापल्या हलत्या दातावर जातात. मी हे दरवर्षी बघते. हातात तलवार नाही, जादू नाही, आहेत ते चार दात, आणि तेही कधी पडतील सांगता येत नाही. एवढ्याशा सामग्रीवर तो दुसऱ्याला सोडवायला बसलाय. मुलांना उंदीर आपला वाटतो तो इथे.

एक गोष्ट शेजारी ठेवते, म्हणजे मी काय म्हणते ते नीट कळेल. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एका उंदराची आणि मांजराची कथा सांगतात. पलित नावाचा उंदीर, लोमश नावाचं मांजर. मांजर जाळ्यात अडकलंय. उंदरावर एकीकडून मुंगूस, दुसरीकडून घुबड टपलंय. उंदीर मांजराशी करार करतो: तू मला आसरा दे, मी तुझं जाळं तोडतो. तो मांजराला बिलगून बसतो, मुंगूस आणि घुबड निघून जातात. मग तो जाळं कुरतडतो, पण मुद्दाम सावकाश. शेवटचा दोर तो शिकारी अगदी जवळ आल्यावरच तोडतो, म्हणजे मांजराला पळण्यावाचून दुसरं काही सुचू नये. नंतर मांजर त्याला गोड बोलून बाहेर बोलावतं, आपण आता मित्र झालो म्हणतं. पलित सांगतो, काम होतं तोवर मैत्री होती. आता तुला भूक लागली आहे आणि मी तुझं अन्न आहे. तो शेवटपर्यंत बाहेर येत नाही.

युक्तिवाद जवळपास तोच, मी अन्न, तू खाणारा. एका उंदराचं ‘नाही’ कायम राहतं, दुसऱ्याचं ‘नाही’ हळूहळू ‘हो’ होतं. मी चौथीच्या मुलांना या दोन्ही गोष्टी लागोपाठ सांगते आणि विचारते, कोणता उंदीर बरोबर? हात दोन्हीकडे वर होतात. एक मुलगा म्हणाला होता, “दोघंपण. मांजराला भूक लागली होती, कावळ्याला नव्हती लागली.” कावळ्याला भूक लागलेली असताही तो बिळाशी बसून राहिला होता, हे दुसऱ्याने लगेच दाखवून दिलं. तासभर चर्चा झाली. इतकी अवघड गोष्ट, विश्वास कोणावर टाकायचा आणि कधी, ही मुलं बोलत होती आणि मला मधे पडावंच लागलं नाही.

मधला भाग मी भराभर नेते. दुष्काळ पडतो. कावळ्याचा एक जुना मित्र, मंथरक नावाचं कासव, दूरच्या तळ्यात राहतं. कावळा उंदराला पाठीवर घेऊन तिकडे उडतो. पंचतंत्रात कावळा आपल्याला उडण्याच्या आठ तऱ्हा येतात असं सांगतो. लहान मुलांना त्या आठ तऱ्हा हातांनी करून दाखवायला लावल्या की वर्ग ताजातवाना होतो. कासव पाठीवर उंदीर घेतलेला कावळा बघून पाण्यात बुडी मारतं. म्हणजे इथेही पहिली प्रतिक्रिया भीतीचीच. पुढे हिरण्यक आपली कहाणी सांगतो: तो एका मठात राहायचा, खुंटीला टांगलेलं भिक्षापात्र उडी मारून गाठायचा, मग त्याच्या बिळाखालचं धन कोणी खणून नेलं आणि त्याच्या उड्यांतला जोरच गेला. हा भाग मोठ्यांसाठी अप्रतिम आहे. दारिद्र्यात माणसाचं काय होतं यावर इतकं खरं लिहिलेलं मी फार कमी वाचलंय. पण सहा वर्षांच्या मुलीला तो आत्ता नको. दहाव्या वर्षी सांगा. मग शिकाऱ्याला घाबरलेलं हरीण, चित्रांग, तळ्यावर येतं आणि चौथा मित्र होतो. रोज दुपारी चौघं झाडाखाली जमतात, गप्पा मारतात. बस्स, एवढंच करतात. मुलांना ही रोजची बैठक फार आवडते.

एका दुपारी हरीण येत नाही. कावळा उडून शोधतो, ते फाशात अडकलेलं दिसतं. कावळा परत येऊन उंदराला पाठीवर घेऊन जातो. उंदीर पाश तोडायला लागणार, इतक्यात झुडपांतून खसखस ऐकू येते. कासव आलेलं असतं. सरपटत, आपल्या चालीने, पाणी सोडून.

गोष्टीचं खरं काळीज माझ्या मते इथे आहे. मंथरकाचं तिथे काही काम नव्हतं. त्याला पळता येत नाही, उडता येत नाही, जमिनीत शिरता येत नाही. ते आल्याने मदत होणार नव्हती, धोका मात्र वाढणार होता. बाकीचे काळजीने म्हणतातही, तू यायला नको होतंस. तेवढ्यात शिकारी येतो. उंदीर पाश तोडतो, हरीण पळतं, कावळा झाडावर, उंदीर जवळच्या बिळात. उरतं कासव. शिकारी ते उचलून धनुष्याला बांधतो आणि चालू लागतो.

मी वर्गात नेहमी विचारते, कासव कशाला आलं असेल? ‘मूर्ख होतं’, ‘त्याला वाटलं आपण पण काहीतरी करू’, अशी उत्तरं येतात. एका शाळेत एक मुलगी होती, रोज उशिरा यायची. धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची, कारण आई-वडील पहाटेच ऊसतोडीला गेलेले असायचे. ती मागच्या रांगेतून म्हणाली, “त्याला घरी करमेना.” मी पुढे काही विचारलं नाही. मूळ गोष्टीतलं कारणही याहून वेगळं नाही: मित्राच्या मायेने त्याला तळ्यात बसवेना.

आणि कासव पकडलं गेल्यावर तिघांपैकी एकही ‘तुला सांगितलं होतं ना’ असं म्हणत नाही. उंदीर हळहळतो, रडतो, आणि मग ते कामाला लागतात. शिकाऱ्याच्या वाटेवर पाण्याच्या काठाला हरीण मेल्यासारखं पडून राहतं, कावळा त्याच्या डोळ्यावर चोच मारल्याचं सोंग करतो. शिकारी कासव जमिनीवर टाकून हरणाकडे वळतो. उंदीर धावत येऊन दोर तोडतो, कासव पाण्यात, हरीण एका झेपेत रानात. जो मदतीला आला त्यालाच सोडवावं लागलं, आणि सोडवलं गेलं. घरात दूध सांडल्यावर, वही हरवल्यावर आपण मुलांना काय काय ऐकवतो ते आठवा. मुलं या गोष्टीत एक अशी टोळी बघतात जिथे चुकलेल्याला आधी सोडवतात.

कोणी म्हणेल, चौघांचे चार गुण, एकीचं बळ, हेच तर तात्पर्य. आहे खरंच. पंचतंत्राचे पाच भाग, म्हणजे पाच तंत्रं. ही गोष्ट दुसऱ्या तंत्राची, आणि त्याच्या पहिल्याच श्लोकात चौघं एका समासात बांधलेले आहेत, काकाखुमृगकूर्मवत्. कावळा, उंदीर, हरीण, कासव यांच्यासारखं, साधनं नसली तरी बुद्धिमान माणसं कामं लवकर साधतात, असं तो श्लोक सांगतो. मोठ्या मुलांना हा समास सोडवायला दिला की मजा येते. आखु म्हणजे उंदीर हे कोणालाच येत नसतं. पण एकीच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि सगळ्याच काही रोज रात्री मागितल्या जात नाहीत.

आता गोदावरीचं. पंचतंत्रात ही कथा दक्षिणेतल्या महिलारोप्य नगराजवळच्या वडावर सुरू होते. नारायण पंडितांनी पुढे हितोपदेश रचला, तेव्हा त्यांनी दोन गोष्टी केल्या. पंचतंत्रात पहिलं तंत्र मित्रभेदाचं आहे, सिंह आणि बैलाची मैत्री कोल्हा कशी तोडतो त्याचं. नारायणांनी क्रम फिरवला आणि मैत्री जुळण्याचं प्रकरण, मित्रलाभ, सगळ्यात पुढे आणलं. मुलांना शिकवायला बसलेल्या माणसाचा हा निर्णय आहे, मला तो पूर्ण पटतो. आणि त्यांनी झाड बदललं: गोदावरीच्या काठी एक विशाल शाल्मली वृक्ष आहे, अशी त्यांची कथा सुरू होते. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. फाल्गुनात पान नसताना लालभडक फुलते आणि मधासाठी साळुंक्या, कावळे, बुलबुल सगळे तिच्यावर गर्दी करतात. नदीकाठच्या शाळेत मी मुलांना खिडकीतून सावर दाखवते आणि म्हणते, लघुपतनक इथेच बसायचा. त्यानंतर त्यांना चित्रपुस्तक लागत नाही. तुमच्या जवळपास सावर असेल तर मुलीला एकदा तिच्याखाली नेऊन ही गोष्ट सांगा.

झाडं अशी बदलत गेली आणि गोष्ट फिरत राहिली. तिचं एक भावंड पाली जातकांत, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या कथांत आहे, कुरुंगमृग जातक. तिथे हरीण, सुतारपक्षी आणि कासव असे तिघंच. चामड्याचा पाश कासव आपल्या तोंडाने कुरतडतं, तोंड रक्तबंबाळ होईपर्यंत, आणि तेवढा वेळ मिळावा म्हणून सुतारपक्षी शिकाऱ्याला घराबाहेर पडू देत नाही. इसवी सनाच्या आधीच्या दुसऱ्या शतकातल्या भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावर ही कथा कोरलेली आहे. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी दगडात छिन्नीने हेच प्राणी काढत बसलं होतं.

सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनुशिर्वान राजाच्या वैद्याने, बुर्झोयने, पंचतंत्र पहलवी या तिथल्या जुन्या भाषेत नेलं. तिथून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणलं, कलीला व दिम्ना या नावाने. अरबीत या प्रकरणाची ओळख गळ्यात कंठी असलेल्या कबुतराची गोष्ट अशी आहे. चित्रग्रीव या नावाचा अर्थही जवळपास तोच, चित्रविचित्र मानेचा. दहाव्या शतकात बसऱ्यात ज्ञानकोश लिहिणाऱ्या विद्वानांचं एक मंडळ होतं, ‘इख्वान अस-सफा’, म्हणजे निर्मळ मनाचे बंधू. त्यांनी आपलं नाव याच प्रकरणातून घेतलं, असं अनेक अभ्यासक मानतात. एका उंदराच्या गोष्टीवरून तत्त्वज्ञांनी स्वतःचं नाव ठेवावं, हे मला फार हृद्य वाटतं. पुढे फ्रान्समध्ये ला फोंतेन या कवीने सतराव्या शतकात हीच गोष्ट पद्यात बांधली. हरणाची जागा तिथे काळविटासारख्या गझेलने घेतली. कावळा, कासव आणि उंदीर कायम. मराठीत ती छपाईच्या अगदी पहाटे आली: बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८१५ मध्ये मराठी हितोपदेश निघाला, आणि १८२२ मध्ये मुंबईत पंचोपाख्यान, म्हणजे पंचतंत्राचं मराठी रूप, छापलं गेलं.

इतक्या भाषांतून जाऊनही ती मोडली नाही, याचं कारण मला रोजच्या सांगण्यातून दिसतं. या गोष्टीत जे घडतं ते शरीराने घडतं. कुरतडणं, उडणं, सरपटणं, मेल्यासारखं पडणं, पंखाखाली शिरणं. शब्द बदलले तरी हे बदलत नाही. श्लोक गळून गेले तरी दात राहतात.

तुमचा दुसरा प्रश्न, गोष्ट बदलावी का. मी तीन ठिकाणी हात लावते, बाकी कुठे नाही.

पहिलं, कावळ्याचं उपोषण. मूळ गोष्टीत उंदीर नाही म्हणतो तेव्हा कावळा सांगतो, मैत्री केली नाहीस तर मी इथेच अन्नपाणी सोडून प्राण देतो. मी हे सांगत नाही. ‘माझ्याशी मैत्री कर नाहीतर मी मरेन’ हे ऐकून कोणीही लहान मुलाने ‘हो’ म्हणावं, असं मला वाटत नाही. माझा कावळा नुसता बसून राहतो, दिवसभर, बिळापासून थोडा लांब. उंदीर आतून बघत राहतो की हा जातोय का, जवळ येतोय का. तो जात नाही आणि जवळही येत नाही. मग उंदीर अट घालतो. अट मात्र कधीही गाळू नका. ‘बिळात पाऊल टाकायचं नाही’ हे वाक्य तुमच्या मुलीला मोठेपणीही उपयोगी पडणार आहे.

दुसरं, डोळ्यावर चोच मारण्याचं सोंग. चार-पाच वर्षांची काही मुलं इथे दचकतात. त्यांना मी आधीच कानात सांगते की हे नाटक आहे, फक्त शिकाऱ्याला माहीत नाही. गुपित कळलं की भीती जाते आणि ती खुदुखुदू हसत शिकाऱ्याची वाट बघतात. सहा वर्षांच्या मुलीला बहुधा याची गरज पडणार नाही.

तिसरं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या मराठी पुस्तकांत जाळं लावणाऱ्या माणसाला ‘पारधी’ म्हटलेलं असतं. मीही सुरुवातीची काही वर्षं तेच म्हणत होते. एका वर्गात या गोष्टीनंतर मधल्या सुट्टीत पारधी समाजाच्या एका मुलाला बाकीच्यांनी ‘हरणाला सोड, हरणाला सोड’ म्हणून चिडवलं. तो दुसऱ्या दिवशी आला नाही. मी त्याच्या पालावर गेले, त्याच्या आजीजवळ बसले, माफी मागितली. ब्रिटिशांनी १८७१ पासून केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांत हा समाज होता. कायदा १९५२ मध्ये संपला, पण वर्गातल्या बाकापर्यंत तो शिक्का अजून पोचतो, आणि त्या दिवशी तो माझ्या तोंडून पोचला होता. तेव्हापासून मी ‘शिकारी’ म्हणते, किंवा नुसतं ‘जाळंवाला माणूस’. तुमच्या पुस्तकात तो शब्द असेल तर वाचताना बदला. गोष्टीचं काहीही बिघडत नाही.

तो मुलगा चार दिवसांनी परत आला. पुढच्या वर्षी त्याच वर्गात मी हीच गोष्ट पुन्हा सांगितली. शिकारी रिकाम्या हाताने घरी जातो तिथे गोष्ट संपते. बाकीची मुलं टाळ्या वाजवत होती. त्याने विचारलं, “बाई, मग त्याच्या घरी त्या दिवशी काय शिजलं?” मी म्हटलं, मला माहीत नाही, तुला काय वाटतं? तो विचार करून म्हणाला, “कबुतरं उडाली तिथे दाणे राहिले असतील. ते वेचले असतील.” जाळ्याखाली टाकलेले दाणे मी कधीच विसरून गेले होते. ते त्याच्या लक्षात होते. आता मी गोष्टीच्या शेवटी हे दाणे सांगते, आणि ते कोणी सुचवले तेही, नाव न घेता.

आता रोज रात्रीचं. दोन महिने काही फार नाहीत. एका मुलाने माझ्याकडे वाचनालयात पूर्ण वर्षभर एकच पुस्तक नेलं होतं. कव्हर फाटलं तेव्हा त्याने स्वतः खळ लावून चिकटवून आणलं. एकच गोष्ट परत मागणारं मूल बहुतेक वेळा त्या गोष्टीतल्या एकाच जागेवर थांबलेलं असतं. ती जागा कोणती, हे विचारून कळत नाही. सांगताना तिच्याकडे बघा. कुठे ती अंगावरचं पांघरूण घट्ट धरते, कुठे तुमच्या आधी वाक्य म्हणते, कुठे तुम्ही शब्द बदललात की चिडते. बिळाच्या तोंडाशी असेल तर शाळेत कोणीतरी नवीन आहे. कासवाशी असेल तर बहुधा कुठेतरी ती मागे राहते आहे, किंवा तिच्या हातून काही चुकलंय आणि ते तिने अजून सांगितलेलं नाही. हे ताडून लगेच विषय काढू नका. गोष्टच सांगा, त्या जागी थोडं हळू व्हा.

आणि एखाद्या रात्री तुम्ही उंदीर व्हा, तिला कावळा होऊ द्या. दाराआडून विचारा, ‘कोण आहे?’ ती नाव सांगेल. तुम्ही म्हणा, ‘निघून जा, मी नाही बाहेर येणार.’ मग ती काय बोलते ते ऐका. लगेच दार उघडू नका.